इटलीत पडलेल्या मराठा पलटणीतल्या शिपायाचं नाव कुठं शोधायचं? फोर्लीची भारतीय वॉर सिमेट्री

खानापूरकर

आजोबांचे थोरले बंधू ५ मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. १९४४ मध्ये इटलीत कामी आले, एवढंच घरात ठाऊक आहे. आडनाव जाधव, गाव विट्याजवळ. वस्तू दोनच उरल्यात. एक सहा टोकांचा तारा, त्याच्या फितीवर लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल असे पट्टे. दुसरं एक गोल पदक. पत्र, तार, पेन्शनचा कागद काही नाही.

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या, म्हणजे सीडब्ल्यूजीसीच्या साइटवर आडनाव जाधव आणि देश इटली टाकून पाहिलं. सांगली जिल्ह्यातलं कुणीच दिसत नाही. फोर्लीला फक्त भारतीय सैन्याची अशी एक छोटी दफनभूमी आहे असं वाचलं. घरातले दोघं ऑक्टोबरमध्ये बोलोन्याला जाणार आहेत, तिथून त्यांना फोर्ली गाठता येईल.

हिंदू शिपायाची कबर तिथं असेल का? नाव न सापडण्याचं कारण काय? आणि सापडलंच तर तिथं हार, हळदकुंकू, गावची माती नेणं, तिथली माती आणणं यातलं काय चालतं?

जुना_दप्तरी

तारा 'इटली स्टार' आहे, फितीवरून शंका नाही. तेव्हा इटलीची गोष्ट ऐकीव नाही, पक्की धरा.

कबरीचा विचार मात्र आधी बाजूला ठेवा. इटलीत पडलेल्या हिंदी शिपायाचं नाव तीनपैकी एका जागी असतं. दफन झालं असेल तर थडग्याच्या शिळेवर. दहन झालं असेल तर क्रिमेशन मेमोरियलच्या फलकावर. देहच सापडला नसेल किंवा ओळख पटली नसेल तर कासिनोच्या स्मारकावर. मराठा पलटणीच्या शिपायासाठी दुसरी शक्यता सगळ्यात मोठी.

फोर्लीच्या भारतीय दफनभूमीत थडगी ४९६ आहेत. त्याच आवारातल्या दहन-स्मारकावर जवळजवळ ८०० नावं आहेत. थडग्यांपेक्षा नावं जास्त, हे मुद्दाम सांगतोय. लोक शिळांच्या रांगा दोनदोनदा फिरतात, नाव दिसत नाही म्हणून परततात, आणि ते नाव तिथंच स्मारकावर असतं. सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीतही असं स्मारक आहे, त्यावर ५०० हून अधिक नावं. रिमिनीला गुरखा दफनभूमीत तिसरं आहे, ते तुमच्या कामाचं नाही.

थडगी म्हणजे सगळी मुसलमान किंवा ख्रिस्ती शिपायांची, असंही धरू नका. माऱ्याखाली, पावसात, लाकडं नसताना चिता रचता येत नाही. अशा वेळी हिंदू आणि शीख शिपायांनाही पुरलं गेलं. हिंदू शिपायाच्या शिळेवर वर देवनागरीत 'ओम भगवते नमः' असतं, म्हणून ती लांबून ओळखू येते.

कुठली बटालियन हे कळलं तर निम्मं काम होईल. इटलीत मराठ्यांच्या तीन होत्या. पहिली (१/५) आठव्या हिंदी डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये. पाचवी, म्हणजे 'रॉयल', त्याच डिव्हिजनची मशीनगन बटालियन. तिसरी (३/५) दहाव्या डिव्हिजनच्या २०व्या ब्रिगेडमध्ये. आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली आणि नोव्हेंबरात सांग्रोवर लढली. दहावी १९४४ च्या वसंतात आली, उन्हाळ्यात तिबेर नदीच्या खोऱ्यातून वर सरकली आणि शरदापासून रोमान्यात, म्हणजे फोर्लीच्याच मुलखात होती. ढोबळ हिशेब असा: १९४३ ची अखेर असेल तर सांग्रो, १९४४ चा शरद किंवा हिवाळा असेल तर फोर्ली. हा हिशेब शोध कुठून सुरू करायचा एवढ्यापुरताच. शेवटी नोंद सांगेल तेच खरं.

भीमाकाठ

कासिनो आधी बघा असं सुचवेन. यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचेच, १० जुलै १९४४ ला तिबेरच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्यांचं नाव कासिनोलाच आहे.

जुना_दप्तरी

घाडगे यांचं नाव कासिनोला आहे ते त्यांची कबर माहीत नाही म्हणून, बटालियनमुळे नाही. कासिनो स्मारकावरची ४,००० हून अधिक नावं सगळ्या मोहिमेतली आणि सगळ्या राष्ट्रकुल सैन्यांतली आहेत, निकष एकच: कबर अज्ञात. एकाच बटालियनचे, एकाच आठवड्यात पडलेले दोन शिपाई दोन वेगळ्या स्मारकांवर असू शकतात.

डोंगरवाट

हे नाव खडकीच्या युद्ध-दफनभूमीत असू शकेल ना? पुण्यातच आहे, आधी तिथं बघून यावं.

कोयनाकाठ

खडकीत नसेल. तिथं दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ थडगी आहेत, पश्चिम आणि मध्य भारतातल्या ज्या कबरींची देखभाल पुढं होणार नव्हती त्या तिथं आणल्या. आवारातल्या स्मारकावरची १,८०० हून अधिक नावं पहिल्या महायुद्धातली. दुसऱ्या युद्धात देशातच, लढाईच्या क्षेत्राबाहेर वारलेल्या आणि दहन झालेल्या हिंदी शिपायांची नोंद दिल्ली/कराची १९३९-१९४५ स्मारकाखाली असते, २५,००० हून अधिक नावं. इटलीत जखमी होऊन भारतात आणलेला आणि इथं वारलेला माणूस तिकडं सापडेल.

आता साइटवर नाव का आलं नाही ते. कारणं सहसा चार, आणि तुमच्या शोधात त्यातली निदान तीन दिसतात.

आडनावाचं स्पेलिंग. पलटणीच्या कारकुनानं कानाला जसं आलं तसं लिहिलं. जाधव हे आडनाव डी नंतर एच घालून, एच गाळून, शेवटी व्हीच्या जागी ओ लावून, किंवा मधला ए खाऊन 'जाधो' असं, सगळ्या प्रकारांनी नोंदलेलं असतं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा इंग्रजी कागदांत एकसारखं लिहिलेलं नाही, तिथं साध्या शिपायाचं काय घेऊन बसलात.

रकाने. हिंदी शिपायांचं पूर्ण नाव पुष्कळदा आडनावाच्या रकान्यातच भरलेलं असतं, नाव आधी, आडनाव मागून. 'जाधव'ने सुरू होणारी नोंद शोधली तर ती येणारच नाही. त्यांचं पहिलं नाव आडनावाच्या खान्यात टाकून बघा.

जिल्हा. १९४४ मध्ये सांगली जिल्हा नव्हताच. तो १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये सांगली झाला. तुमच्या गावाची नोंद 'सातारा' अशीच असणार. रायगडसाठी कुलाबा, सिंधुदुर्गसाठी रत्नागिरी. औंध, फलटण, जत, सावंतवाडी, कोल्हापूर ही संस्थानं होती, तिथल्या शिपायांपुढं जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव येतं. खानापूर तालुक्यात औंधची गावं विखुरलेली होती, तेही करून बघा.

देश. साइटवरचा देश म्हणजे नाव ज्या देशात कोरलंय तो, मृत्यू झाला तो नव्हे.

म्हणून नावानं शोधूच नका, नंबरानं शोधा. तो तुमच्या घरातच आहे. ब्रिटिश शिपायांना दुसऱ्या महायुद्धातली पदकं कोरी दिली, हिंदी शिपायांना मात्र नाव घालून दिली. गोल पदकाच्या कडेवर, म्हणजे जाडीवर, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताऱ्यावर ती पाठीमागं असते. कोरड्या मऊ कापडानं पुसा आणि टॉर्च आडवा धरून भिंगातून वाचा. ब्रासो, चिंच, राख काही लावू नका, अक्षरं उथळ असतात, दोन-तीन घासण्यांत जातात.

नंबर मिळाला की:

आडनाव कोरं सोडा. युद्ध दुसरं, सैन्य 'इंडियन', देश इटली. रेजिमेंटच्या खान्यात 'मराठा' जुन्या स्पेलिंगनं घाला, म्हणजे एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आजचं स्पेलिंग टाकलं तर हवी ती यादी येत नाही, इथं पुष्कळांचं घोडं अडतं. तारीख सप्टेंबर १९४३ ते डिसेंबर १९४७ ठेवा. आयोगाची दुसऱ्या महायुद्धाची मुदत ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत आहे, उशिरा वारलेले जखमी त्यात येतात.

येणारी यादी तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते. ती एक्सेलमध्ये उघडून सेवा-क्रमांकाच्या रकान्यानं लावा आणि नंबर शोधा. एखादा आकडा इकडचा तिकडं असू शकतो, म्हणून शेवटचे तीन आकडे जुळणाऱ्या सगळ्या ओळी वाचा. मग 'अधिक माहिती'च्या रकान्यात 'अमुकचा मुलगा, अमुक गाव, सातारा' असं असतं त्यावरून खात्री करा. हा रकाना कोराही असतो. घरच्यांकडून माहिती आली नाही तर आयोगानं तो रिकामा सोडला.

इटलीत काहीच जुळलं नाही तर तारखेची खालची मर्यादा जून १९४२ करा. दुसरी बटालियन (२/५) जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक शत्रूच्या हाती पडलं तेव्हा कैद झाली. हिंदी कैदी इटलीत नेले होते, अवेझ्झानोला त्यांची छावणी होती. छावणीत वारलेला शिपाई घरच्यांच्या लेखी 'इटलीत कामी आला'च असतो.

खानापूरकर

गोल पदकाच्या कडेवर नंबर वाचता आला. यादीत एकाच ओळीशी पूर्ण जुळतो. आडनाव शेवटी ओ लावून आहे, वडिलांचं नाव बरोबर, गाव चुकीच्या स्पेलिंगनं पण ओळखू येतं, जिल्हा सातारा. तारीख डिसेंबर १९४४ च्या मध्याची. जागा: फोर्ली क्रिमेशन मेमोरियल. सगळ्यांचे आभार.

आणखी दोन शंका. नोंदीत बटालियन दिलेली नाही, ती कशी कळेल? आणि आडनाव दुरुस्त करून मिळतं का?

जुना_दप्तरी

डिसेंबरच्या मध्याला दहावी डिव्हिजन फाएन्झाच्या नैर्ऋत्येच्या डोंगरांत होती, लामोने आणि सेनिओ या दोन नद्यांच्या मधल्या टापूत. ३/५ तिच्यातच. म्हणून तिसरी बटालियन असण्याचा संभव जास्त, पण तारखेवरून बटालियन ठरवणं हा अंदाजच. नोंदीच्या पानावर तळाशी मूळ कागदांच्या छायाप्रती असतात का बघा, फलकासाठी केलेल्या याद्यांत कधीकधी बटालियन लिहिलेली असते.

दुसरा मार्ग बेळगावचा, मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय. अर्जात नंबर, हुद्दा, नाव जसं नोंदीत आहे तसं आणि जसं खरं आहे तसं, वडिलांचं नाव, गाव, तालुका, मृत्यूची तारीख, तुमचं नातं एवढं घाला. पदकाच्या कडेचा फोटो आणि आयोगाच्या नोंदीची प्रत जोडा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवला तर नात्याची पडताळणी तिथंच होते. फक्त नाव-गाव लिहून पाठवलेले अर्ज परत येतात, कारण एका नावाचे डझनभर शिपाई निघतात. ऐंशी वर्षांनी प्रत्येकाचे कागद टिकलेले नसतात, तेही धरून चाला.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते वाचायचं असेल तर बटालियनची युद्ध-डायरी. इटलीतल्या सैन्याच्या डायऱ्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायांचे बहुधा आकडेच: इतके मेले, इतके जखमी. नावाच्या आशेनं पैसे घालू नका. त्या तारखेला पलटण कुठल्या टेकडीवर होती तेवढं मिळतं.

कोयनाकाठ

आडनावाबद्दल. आयोगाकडं दुरुस्तीची विनंती करता येते, फी नाही. पण 'आमच्यात असं लिहितात' हा पुरावा होत नाही. त्या काळचा कागद लागतो: शाळेचा दाखला, सातबारा किंवा जुना फेरफार, पेन्शनचा हुकूम, पदक. पदकावर ओ असेल आणि तुम्ही व्ही मागत असाल तर ते पदक तुमच्याच विरोधात जाईल, हे आधी बघून घ्या. जुने कागद मोडीत असतील तर लिप्यंतर करून घ्या आणि सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. मान्य झालं तर साइटवरची नोंद आधी बदलते, फलकावरचं अक्षर बदलायला बराच काळ जाऊ शकतो. गावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव अशी भर घालणं त्या मानानं सोपं.

माझं मत विचाराल तर ओ राहू द्यावा. त्यांच्या नोकरीच्या सगळ्या कागदांत ते त्याच नावानं असणार, पुढं शोधणाऱ्याला तोच धागा उपयोगी.

रोमान्याहून

फोर्लीला जाणाऱ्यांसाठी.

बोलोन्याहून रिमिनीकडं जाणारी कुठलीही प्रादेशिक गाडी फोर्लीला थांबते, तासाभराच्या आतबाहेर. दफनभूमी व्हिया राव्हेन्याना या रस्त्यावर आहे. फोर्लीत आयोगाच्या दफनभूमी दोन आहेत आणि गोंधळ इथंच होतो. टॅक्सीवाल्याला नुसतं 'वॉर सिमेट्री' म्हटलं तर दुसरीकडं नेऊन सोडेल. 'चिमितेरो इंदियानो, व्हिया राव्हेन्याना' असं सांगा. त्याच रस्त्यावर गावाचं मोठं नागरी कब्रस्तानही आहे, त्यात शिरू नका.

नोंदीतला फलकाचा किंवा स्तंभाचा क्रमांक लिहून न्या. अशा ठिकाणी नोंदवही आणि अभिप्रायवही एका छोट्या धातूच्या दाराच्या कोनाड्यात असते, पण नोंदवही नेहमी जागेवर असेलच असं नाही, म्हणून नोंदीचं पान छापूनच न्या. स्मारकावर नावं पलटणीनुसार, त्यात हुद्द्यानुसार, त्यात वर्णानुक्रमानं असतात. आधी मराठा लाइट इन्फंट्रीचं शीर्षक शोधा, मग शिपायांचा गट. हा वर्णानुक्रम पहिल्या नावाचा असू शकतो, आडनावाचा नव्हे.

फोटो. अक्षरं उथळ आहेत, डोक्यावरच्या उन्हात नाव वाचताच येत नाही. सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर ऊन बाजूनं पडतं तेव्हा घ्या. ढग असतील तर दुसऱ्यानं फोनचा दिवा एका कडेनं आडवा धरावा. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट होतात. एक फोटो नावाचा, एक अख्ख्या फलकाचा, एक स्मारक आणि शिळा एकत्र दिसतील असा. नुसतं नाव जवळून घेतलं तर वीस वर्षांनी घरातल्यांना ते कुठलं आहे कळत नाही.

माती आणि फुलं. गावची माती युरोपात नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या बहुतेक देशांतून माती नेण्यावर बंदी आहे, भारतही त्यात आला. डिसेंबर २०१९ पासून फुलांनाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळं झेंडूचा हार सामानात नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. फुलं फोर्लीतच घ्या, कब्रस्तानांच्या आसपास फुलांची दुकानं असतात. तिथली माती भारतात आणायलाही परवाना लागतो, चिमूटभर असली तरी.

आणि त्या मातीचं करणार काय? दहन लढाईच्या मुलखात कुठं तरी झालं, स्मारक नंतर उभं राहिलं. तिथं त्यांचं नाव आहे, अस्थी तिथल्या जमिनीत आहेत असं मानू नका. इटलीत सापडलेल्या दोन हिंदी शिपायांच्या अस्थी २०१९ मध्ये हरियाणात त्यांच्या गावी आणल्या गेल्या, पण तिथं अवशेष हाती लागले होते. इथं आणण्यासारखं काही नाही. विधी करायचा असेल तर नोंदीतली तारीख घ्या, १९४४ च्या पंचांगातून तिथी काढा आणि घरी श्राद्ध करा.

दगडफोड्या

हळदकुंकवाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. लावू नका, बोटभरही नाही.

या कामाला वापरतात तो दगड बहुधा फिकट चुनखडी असतो, पोर्टलंड किंवा इटलीतला बोत्तिचीनो. चुनखडीला बारीक छिद्रं असतात. हळद आणि कुंकू ओल्या बोटानं लावलं की रंग आत ओढला जातो, पृष्ठभाग पुसून निघत नाही. मग काढायला कुणी तरी लिंबू किंवा व्हिनेगर लावतं. आम्लानं चुनखडी विरघळते, डाग राहतो आणि अक्षराची धारही जाते. तेलाचा दिवा फलकाला टेकवून ठेवला तर तेल चढतं आणि त्यावर पुढं काळी बुरशी धरते. उदबत्तीचं टोक दगडाला टेकवू नका.

अक्षरं वाचण्यासाठी खडू, पीठ, कोळसा चोळण्याची सवय आहे, तीही नको. साधं स्वच्छ पाणी फवारून दोन मिनिटं थांबा. खोबणीतलं पाणी उशिरा सुकतं, तेवढ्या वेळात नाव ठळक दिसतं. शेवाळ असेल तर खरवडू नका. आयोगाचे माळी-गवंडी असतात, त्यांना नेमका फलक कळवला की ते ठरलेल्या पद्धतीनं साफ करतात.

हार फलकावर अडकवू नका, खाली जमिनीवर ठेवा. तार किंवा टाचणी लावलेला नको, गंजाचा डाग हळदीपेक्षा वाईट.

शेजारच्या शिळा बघाल तर त्यांचं प्रमाण माणूस कुणीही असो एकच: उंची २ फूट ८ इंच, रुंदी सव्वा फूट, जाडी ३ इंच. सुभेदार असो की पलटणीचा स्वयंपाकी, माप बदलत नाही. स्वयंपाकी, भिश्ती, न्हावी यांचीही नावं या याद्यांत असतात, तेव्हा लढाऊ हुद्दा नव्हता म्हणून कुणी आपल्या माणसाचा शोध सोडू नये.

खानापूरकर

हार आणि मातीचा बेत रद्द. नोंदीचं पान, फलकाचा क्रमांक आणि पाण्याची फवारणीची बाटली एवढंच त्यांच्याबरोबर देतो. बेळगावचा अर्ज सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेतो. पदकाच्या कडेवरही ओ-च आहे, तेव्हा आडनावाची दुरुस्ती मागत नाही, फक्त गावाचं स्पेलिंग कळवतो.

कोयनाकाठ

गावाबरोबर तालुका खानापूर असंही लिहा. खानापूर नावाचा तालुका बेळगाव जिल्ह्यातही आहे, म्हणून जिल्हा सोडू नका: 'तेव्हाचा सातारा, आताचा सांगली'.